बुरुजावर चढण्याआधी हाक

आखातात, अल खोरला आमच्या घरामागे एक जुना बुरूज होता. गोल, जाड दगडमातीचा. समुद्राकडून लुटारू आलेच, तर ते खालच्या गोड्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोचायच्या आत दिसावेत, म्हणून बांधलेला. साठच्या दशकात लुटारू येत नव्हते. शुक्रवारी नवऱ्याच्या कंपनीचे पाहुणे यायचे, बुरूज बघायला.

वरून समुद्र दिसायचा आणि आमची अंगणंही. म्हणून पहारेकऱ्यांच्या काळापासून गावाचा नियम होता : चढणाऱ्याने पायथ्याशी उभं राहून मोठ्याने हाक द्यायची. बायका आत गेल्या की मगच चढायचं. पाहुण्यांना हे सांगायचं काम माझ्या नवऱ्याचं. तोच त्यांना घेऊन यायचा.

"साहेबांना ओरडायला कसं सांगू? तूच बस ना घटकाभर आत," तो म्हणायचा.

आमची शेजारीण तिथलीच, अरब. शुक्रवारी न्हाऊन अंगणात केस वाळवायची. पाहुणे वर दिसले की ओल्या केसांनी घरात पळायची. एकदा भिंतीवरून तिने मला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला तोंड नाही?"

"आहे. जेवायला उघडतं."

पुढच्या शुक्रवारी मी तांदळाचं ताट घेतलं, पायथ्याशी हाक दिली आणि वर जाऊन बसले. निवडायला उजेड उत्तम होता.

गाडी आली. ड्रायव्हर गावातलाच. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि बुरुजाच्या दारात आडवा उभा राहिला. "वर बाई आहे. खलास." परकी बाई एकटी बसली असेल तिथे गावातला पुरुष जात नाही, आणि कोणाला जाऊही देत नाही.

नवरा खालून ओरडला, "अगो, उतर! साहेब उन्हात उभे आहेत."

"नियम सांगितलात त्यांना?"

"घरी बोलू."

"घरी पुष्कळ बोललो. आता इथेच सांगा. इंग्रजीत, मला ऐकू येईल असं."

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं. साहेब आधी लाल झाले. मग त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि हाक दिली. बरी दिली. मी ताट उचलून खाली आले.

"आता किती वेळ थांबायचं?" साहेबांनी विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही सांगू तोवर," मी म्हटलं.

तेही त्याने इंग्रजीत सांगितलं.