रिकाम्या पोटी घेतलेली गोळी

मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे औषधपाण्यातलंही मला कळतं असं सगळे धरून चालत. खरं तर फारसं कळत नव्हतं.

अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, बोटांचे सांधे दोन वर्षं सुजत होते. सकाळी मूठ नीट वळत नसे आणि उघडतही नसे. तालुक्याच्या उर्दू बोलणाऱ्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. "खाली पेट मत लेना अम्मा," असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी तेच मराठीत तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आलो, तर तिनं गोळ्या बंद केलेल्या.

"पोटात आग पडायली, कानात रातकिडे ओरडायलेत. नको ते औषध."

अप्पा, माझे वडील, बाजेवरून म्हणाले, "चटणीचं गाडगं जवळ घेऊन बसती, अन् नाव गोळीला."

"गाडगं तुमच्याच ताटाजवळ असतंय," अव्वा म्हणाली.

मी विचारलं, "गोळी कवा घेत होतीस?"

"उठल्या उठल्या."

"कामून? जेवून घे म्हणलं होतं की."

तिनं गळ्यातल्या गाठीला हात लावला. "पूजा झाल्याबिगर तोंडात काय घालू? अन् बोटं सुटल्याबिगर पूजा कशी करू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग वस्त्रात बांधलेलं असतं. रोज गाठ सोडून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, मग अन्न. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. नवऱ्यानं नाही, मुलानंही नाही. ती गाठ सुटावी म्हणून अव्वा उपाशीपोटी गोळी घेत होती. गोळी सोडल्यापासून गाठीशी झटता झटता दुपार होई, आणि तोवर ती उपाशीच.

आमच्या मठाच्या स्वामींनी पूजेआधी दूध घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली, पण दूध काही घेतलं नाही.

मी पुन्हा दवाखान्यात गेलो. लिंग, गाठ, उपास हे सगळं मोडक्या उर्दूत सांगताना मला लाज वाटत होती. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सकाळची गोळी काढून टाकली. एक दुपारी जेवल्यावर, एक दिवेलागणीला जेवल्यावर. कानातला आवाज गोळ्या जास्त झाल्यानं होता, म्हणून त्या कमी केल्या. तिखट आणि चहा बंद, जेवणात ताकातली ज्वारीची आंबील. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे आणि बोटं हळूहळू हलवायची.

चटणीचं गाडगं अप्पांनी स्वतःच वरच्या फळीवर ठेवलं. आठवड्याभरात पोटातली आग कमी झाली. रातकिडे मात्र अधूनमधून येत.

सुट्टी संपायच्या दिवशी मी ट्रंक भरत होतो. अव्वा कोमट पाण्यातून हात काढून, पुसून, उन्हात बसली. गाठीला तिचा अंगठा लागला, सुटला, परत लागला. माझा हात नकळत पुढे गेला.

"बस की," ती म्हणाली. "मोटारीला टाइम हाय अजून."

मी हात मागे घेतला. ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं तेव्हा गाठ सुटली. तळहात पुरता सपाट होत नव्हता, पण लिंग त्यावर राहिलं. पूजा आटोपून तिनं मला आंबील वाढली आणि मग स्वतः घेतली.