देवघरे काकाजी टायर पाहायला जातात

देवघरे काकाजी कोणाच्याही घरी गेले, की आधी अंगणातल्या गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसत. टायरवरून हात फिरवत, नखाने खाचेतला खडा काढत आणि मगच आत येऊन माणसांची खुशाली विचारत. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सारी नोकरी बालाघाटला रस्त्यांच्या सरकारी खात्यात मोजमापं घेण्यात गेली होती आणि जिल्ह्यातला कुठला रस्ता कुठे उखडतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे नव्वद सालानंतर गावात गाड्या वाढल्या, तेव्हा टायर घेण्याआधी काकाजींना विचारायची पद्धतच पडून गेली.

"गाडीले काय पाहाता? पहले रोड पाहा," ते सांगत. लालबर्ऱ्याचा एक राइस मिलवाला जीपला रुंद, चकचकीत टायर घालून मिरवत आला, तर त्याला म्हणाले, "वरातीत नेऊन राह्यले का? धानाच्या बांधीत जाऊन फसान तं ट्रॅक्टर बोलवा लागंल." तो बिचारा हिरमुसला, पण टायर बदलून आला. डांबराला उभ्या रेघांचा टायर, मुरमाच्या चढाला जाड खाचांचा, खाणीच्या वाटेला जाड गालांचा नायलॉन. टायरच्या बाजूला ते गाल म्हणत. त्यांचा सल्ला सहसा चुकत नसे. हेच पुढे नडलं.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा मलाजखंडला दिलेली. जावई तांब्याच्या खाणीत इंजिनियर, राहायला कॉलनीत घर. पण काकूंना बस लागायची. बैहरच्या घाटात त्यांची अशी अवस्था झाली होती, की अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं. लेकीचं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. म्हणून रिटायर झाल्यावर काकाजींनी सरकारी लिलावात निघालेली एक जीप घेतली. उघड्या हवेच्या जीपमध्ये काकूंना त्रास होत नसे. इंजिन ठणठणीत होतं, टायर मात्र पार गुळगुळीत. चालवायला मी, शेजारचा शाळामास्तर, होतोच.

"बस, चार टायर टाकले का निघालो," काकाजी म्हणाले. काकूंनी त्याच संध्याकाळी मंदाला फोन करून पाहुण्यांची गादी उन्हात घालायला सांगितली.

मग आम्ही टायर पाहायला जाऊ लागलो, अगदी मुलगी पाहायला जावं तसे. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालत. दुकानदार चहा मागवी, टायर उजेडात आणून फिरवून दाखवला जाई. काकाजी त्याच्यावर छापलेली तारीख वाचत, वास घेत, गाल दाबत आणि "घरी विचारून कळवतो" म्हणून उठत. घरी विचारत कोणालाच नसत.

अडचण अशी, की मलाजखंडच्या वाटेत सगळ्याच जातीचे रस्ते होते. आधी डांबर, मग घाट, पुढे ट्रकांनी उखडलेला मुरूम. घाटात धरणारा टायर मुरमात घसरणार आणि मुरमाचा टायर डांबराच्या ओल्या वळणावर दगा देणार. रेडियल नावाचे नव्या जातीचे टायर आले, तेव्हा काकाजी मोठ्या आशेने गेले आणि मान हलवत परतले. "गाल नरम हाये, मास्तर. एक टोकदार गोटा लागला का खेल खतम."

बालाघाटची दुकानं संपली, गोंदियाची सुरू झाली. जीप विटांवर उभी. मंदाला मुलगा झाला, तो चालू लागला, शाळेतही जाऊ लागला. दिवाळीला तीच बसने यायची आणि काकू तिला विचारत बसायच्या, "गॅस कोन्या बाजूले हाये तुहा? खिडकीतून काय दिसते?"

एकदा मात्र त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, मले जायाचं हाये. तुमी टायरच काहून पाहून राह्यले?"

"तुह्याचसाठी तं पाहून राह्यलो," काकाजी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. घाटातून खाली कोसळलेल्या गाड्या त्यांनी नोकरीत जवळून पाहिल्या होत्या. काकूंना न्यायचं म्हटलं, की जगातला कुठलाच टायर त्यांना पुरेसा वाटत नसे. काकूंना हे कळत असावं, म्हणून त्या भांडल्या नाहीत. मला मात्र या शहाण्या माणसाचा कधीकधी भयंकर राग यायचा.

अखेर गोंदियात टायर पसंत पडले. चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून बसवलेही. त्याच आठवड्यात मंदाचा फोन आला. जावयांची झारखंडला बदली झाली होती आणि सामान शनिवारी निघणार होतं.

शनिवारी पहाटेच आम्ही निघालो. टायर खरोखर अप्रतिम होते. घाटात जीप जराही सरकली नाही, मुरमातही सुतासारखी सरळ चालली. काकूंना एकदाही मळमळलं नाही. काकाजी मान बाहेर काढून चाकांचा आवाज ऐकत होते. "पाहा मास्तर, कसे धरून राह्यले," ते दोनदा म्हणाले.

कॉलनीत पोचलो, तेव्हा ट्रक भरून झाला होता. काकू आत गेल्या आणि रिकाम्या खोल्यांमधून हिंडू लागल्या.

"इथं काय होतं?"

"कपाट होतं, आई."

"आन् इथं?"

"इथं देव होते."

स्वयंपाकघरात त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं. फराळाचा डबा कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, तेव्हा तो तसाच कडेवर धरून त्या उभ्या राहिल्या. काकाजी दारातच थांबले होते. आत बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांना या असं कोणी म्हटलंही नाही.

पुढे वारासिवनीचे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. बायकोला तिरोडीला माहेरी न्यायचं होतं, टायर अर्धे झिजलेत, कोणते घालू, असं विचारत होते.

"अर्धे तं हायेत ना अजून?" काकाजी म्हणाले. "मंग उद्या बाईले नेऊन आना. टायर वापस आल्यावर पाहू."