सात लक्षणं आणि भरलेली घागर

मावशीच्या घरी माझ्याकडं एकच काम होतं: नळाला पाणी आलं की उठायचं.

अजिंठ्याकडचं गाव सोडून मी वाळूजला कामाला लागलो तेव्हा माझं शिक्षण सातवी होतं (परीक्षेला न बसता). मावशीनं राहायला जागा दिली, दोन वेळचं जेवण दिलं आणि भाड्याचं नाव काढलं तर लाटणं दाखवलं. म्हणूनच मी कायम धास्तावलेला असायचो. एवढ्या चांगल्या माणसांनी उद्या 'जा' म्हटलं, तर जायचं कुठं?

त्या दुष्काळी उन्हाळ्यात गल्लीला सहा दिवसांनी पाऊण तास पाणी यायचं. वेळ ठरलेली नाही. म्हणून मी नळ उघडा ठेवून खाली रिकामी घागर ठेवायचो. ती वाजली की नळाला पाइप लावून पाणी हौदात सोडायचं. घागरीवर माझा पूर्ण विश्वास होता. तिचा माझ्यावर किती होता, ठाऊक नाही.

"अंबू, तुला मोबाईलचं व्यसन लागलंय," काका एकदा म्हणाले.

"नाय हो काका. जरा टाइमपास."

"काल भाजी समजून वाटीभर लोणचं खाल्लंस."

"मला वाटलं, मावशीनं नवीन काहीतरी केलंय."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या नातवाचं जावळ होतं. पाचोडहून वीस पाहुणे यायचे होते आणि हौद कोरडा.

"आज पाणी येणार बघ," गुलमंडीला खरेदीला निघताना मावशी म्हणाली. "उद्या लेकराचं डोकं भादरलं की लगेच आंघोळ घालायचीय. हौद भरला पायजे."

"भरतो मावशी. तू काळजीच करू नको."

ते दोघं गेल्यावर मी घागर ठेवली, गेटला आतून कडी घातली, खोलीत जाऊन कानात इयरफोन घातले आणि व्हिडिओ लावला: मोबाईलचं व्यसन ओळखण्याची दहा लक्षणं. काकांना पुराव्यानिशी गप्प करायचं होतं.

पहिलं लक्षण: वेळेचं भान राहत नाही. मी घड्याळ बघितलं (मोबाईलमधलंच). भान होतं. तिसरं: जेवणाकडं लक्ष नसतं. लोणचं एकदाच झालं होतं, ते सोडून दिलं. चौथं सुरू झालं तेवढ्यात शेजारच्या रशीदचाचांचा फोन आला. कट केला. मध्येच कुणी अडवलं की माणूस चिडतो, असं ते लक्षण होतं. मग आणखी तीनदा चाचांचा फोन. "काय कटकट लावलीय," म्हणत दर वेळी कट केला. चौथंही मला लागू नव्हतं.

चाचा तेव्हा गेट वाजवत होते (भिंत चढायचे त्यांचे गुडघे राहिले नव्हते). सातव्या लक्षणापर्यंत माझी खात्री पटली, की व्यसन काकांनाच आहे.

तिकडं रिक्षातून उतरताना मावशी म्हणाली, "कोण गं ही बया, दुष्काळात रस्ता धुतीया?" आणि ओल बघत बघत ती स्वतःच्याच गेटपाशी आली.

काकांनी भिंतीवरून उडी मारली, गेटची कडी काढली, आत येऊन माझ्या कानातला इयरफोन ओढला आणि शांतपणे विचारलं, "घागर भरली का?"

घागर भरली होती. पाऊण तास भरतच होती. नळातून आता नुसती हवा येत होती.

मावशी पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कपडे पिशवीत भरले.

"कुठं निघालास?" मावशीनं विचारलं.

"गावाकडं."

"अन् उद्याच्या पत्रावळ्या कोण उचलणार? ठेव ती पिशवी."

भिंतीपलीकडून चाचा म्हणाले, "मियाँ, चार बार फोन किया. काटता क्यूँ था?"

"चाचा, जरुरी व्हिडिओ था."

"काहे का?"

मी सांगितलं. मग आत जाऊन चाचांनी त्यांच्या हौदाची मोटार लावली आणि भिंतीवरून पाइप टाकला. सहा दिवसांच्या पाण्यातलं अर्धं पाणी त्या माणसानं आमच्या हौदात सोडलं. जावळ पार पडलं. पत्रावळ्या मी उचलल्या, न सांगता.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी माझा फोन मावशीच्या डाळीच्या डब्यात जातो आणि मी घागरीशेजारी बसतो. आज सकाळीच चाचांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "मियाँ, अंगूठे को क्या हुआ?"

बघतो तर माझा अंगठा गुडघ्यावर खालून वर, खालून वर सरकत होता.

हे लक्षण त्या व्हिडिओत नव्हतं. निदान पहिल्या सातांत तरी नव्हतं. राहिलेली तीन बघून घ्यावीत म्हणून मावशीकडं फोन मागितलाय. सकाळपासून चार वेळा.