पुढचं चाक

ग्रीसचा वास आला की साताऱ्यातलं ते गॅरेज आठवतं. पाचगणीला कामगारांच्या सुरक्षेवर आमच्या संघटनेची सभा होती आणि खड्ड्यात मोटार पुढून खट् वाजत होती. फौजेतून निवृत्त झालेल्या मेकॅनिकनं पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. "बॉल जॉइंट गेलाय. घाटात चाक निखळंल." मी येरझाऱ्या घालत होतो. "आवं काका, लोक ताटकळलेत. हळू नेतो." त्यानं किल्ली खिशात टाकली आणि सीटवरचं आमचं पत्रक मोठ्यानं वाचलं, "मालकाला घाई, कामगाराचा जीव जाई. तूच लिवलंस न्हवं रं?" माझ्यासोबत येणारे चार कामगार चहा पिणं थांबवून माझ्याकडे बघू लागले. सभा बुडाली. आजही भाषणाला निघताना मी आधी पुढचं चाक हलवून बघतो.