सुनंदाने मागितलेला विषय

सुनंदाच्या भावाचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी डिपार्टमेंटमध्ये बसून पेपर तपासत होते. "ताई, सुनंदा गेली," एवढंच तो बसस्टँडच्या गडबडीतून म्हणाला. कावीळ झाली होती. पोलादपुरात पंधरा दिवस पित्ताच्या गोळ्या दिल्या, महाडला नेल्यावर मुंबईला न्या म्हणून सांगितलं आणि पनवेलच्या अलीकडेच ती गाडीत संपली. सदतीस वर्षांची होती. तिच्या शाळेतल्या शोकसभेत आमच्या पुण्याच्या सरांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. 'आपल्या समाजाचा आतून अभ्यास करणारी गुणी विद्यार्थिनी,' असं त्यात होतं. ते वाक्य ऐकून माझ्या अंगाची जी आग झाली, ती सहा आठवडे झाले तरी शमलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुनंदा पोलादपूरजवळच्या एका बौद्धवाडीतली, मी महाडच्या बाजारपेठेतली. वडील माझे हायस्कूलात शिक्षक, तिचे तहसील कचेरीत शिपाई. महाडला बी.ए. करताना आमची मैत्री जमली आणि नव्वदच्या दशकात आम्ही दोघी मानववंशशास्त्रात एम.ए. करायला पुण्याला गेलो. हॉस्टेलची खोली एकच. तिथं 'अमेरिकन संस्कृती' असा एक ऐच्छिक पेपर होता. मी तो घेतला, कारण तो सोपा आहे असं वरच्या वर्गातल्या मुली सांगत. सुनंदाने घेतला, कारण तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सर अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेले. तिथली माणसं काय खातात, लग्नं कशी करतात, मेलेल्यांना कसं पुरतात, हे सगळं ते रंगवून सांगत आणि सुनंदा मध्येच हात वर करून विचारी, "सर, तिथं मेलेल्याला उचलतं कोण?" वर्ग हसे. ती हसत नसे.

त्या वर्षी कॉलेजात काही महिन्यांसाठी अमेरिकन विद्यार्थी आले होते. त्यातल्या एका मुलीने कँटीनमध्ये वही उघडून सुनंदाला विचारलं, तुला लहानपणी अस्पृश्यतेचा अनुभव आला का? सुनंदाने शांतपणे उत्तर दिलं. मग स्वतःची वही काढली आणि म्हणाली, आता मी विचारते. तुझ्या गावात काळी माणसं कुठे राहतात? ती मुलगी म्हणाली, रेल्वेच्या रुळांपलीकडे. मग सुनंदाने एकामागून एक विचारलं... त्यांच्यातलं कुणी तुमच्या घरी जेवायला आलंय का, तुमच्या घरची भांडी कोण घासतं, तिला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता. त्या मुलीचे कान लाल झाले. पण ती उठून गेली नाही. सगळी उत्तरं दिली तिने. खोलीवर आल्यावर सुनंदा कॉटवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मेधा, त्यांची वाडी पण गावाभायेरच हाय गो. आमच्यात मधी वढा, त्यांच्यात मधी रूळ." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

तिने प्रबंधाचा विषय ठरवला. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास. ते आपल्याकडे काय बघायला येतात आणि स्वतःच्या घरातलं काय बघत नाहीत. चार पानी टिपण तिने तीनदा हाताने लिहून काढलं. सरांच्या खोलीत आम्ही दोघी एकदमच गेलो. सरांनी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "विषय चांगला आहे. पण तू तुझ्या समाजावरच कर ना. वाडीत तुला सगळे ओळखतात, सोपं जाईल."

"सर, वाडी मला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते शिकायला आले मी."

"तसं नाही. तुझ्याकडे जे मटेरियल आहे ते दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही. आणि त्या मुलांशी इंग्रजी बोलायचं म्हणजे..." मग ते माझ्याकडे वळले. "मेधा, हे तू का करत नाहीस?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की हा विषय तिचा आहे. त्या मुलीशी तासभर इंग्रजीत तीच बोलली होती, मी शेजारी बसून वडा खात होते. मी म्हणाले, "चालेल, सर."

सरांवर मी रागावते, रागवायलाच हवं. पण त्या खोलीत दोन माणसांनी तिचा विषय काढून घेतला आणि त्यातलं दुसरं माणूस मी होते. मला प्रथम वर्ग मिळाला आणि त्या प्रबंधावर पुढे नोकरीही लागली. सुनंदाने वाडीतल्या लग्नविधींवर शंभर पानं लिहून दिली, त्यात एकही चूक नव्हती आणि तिचं मनही नव्हतं. रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक माणसाला प्रश्न विचारणारी ही मुलगी पोलादपूरला परत गेली आणि माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवू लागली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दिवाळीत मी घरी आले की महाडला येई, आईशी गप्पा मारी. एकदाच मी विषय काढला, तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझं काम चाललंय." शाळेबद्दल बोलतेय असं मी समजले.

शोकसभेनंतर प्रकाश मला घरी घेऊन गेला. ती बाहेरच्या पडवीला लागून असलेल्या छोट्या खोलीत राहायची. भिंतीतल्या फळीवर शंभरपानी वह्या ओळीने लावलेल्या. प्रकाश म्हणाला, "बघा तुम्ही. आमाला त्यातलं कळत नाय." प्रत्येक वही एका घराची. वकिलांचं घर, कापडवाल्यांचं, डॉक्टरांचं, हेडमास्तरांचं. पोलादपूर आणि महाडमधली शिकलेली, सुखवस्तू घरं. कोण कुठे बसतं, पाण्याचा तांब्या कोण कुणाला देतं, मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी होते त्या दिवशी कोणत्या खिडक्या बंद असतात. तारखेसकट, सुवाच्य अक्षरात, कुठेही कडवट शब्द नाही. दहा-बारा वर्षांचं काम होतं ते, आणि ते कुणी मागितलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं.

सातवी वही आमच्या घराची होती.

उभ्यानेच वाचली मी. आमच्या ओटीचा नकाशा, आईच्या बोलण्यातले शब्द, बाबांचं अगत्य, सगळं होतं, आणि प्रेमाने होतं. मग ही नोंद: 'चहा. घरच्यांना व इतर पाहुण्यांना कपबशी. मला स्टीलचा पेला, दर वेळी तोच. मी गेल्यावर तो मोरीबाहेर वेगळा घासतात. मेधाला हे माहीत आहे की नाही, ठरवता येत नाही.' खाली 'घरच्यांचं म्हणणं' असा रकाना होता. बाकीच्या वह्यांत तो भरलेला होता, तिने लोकांना धीटपणे विचारून उत्तरं घेतली होती. आमच्या वहीत तो कोरा होता. मला विचारायचं तिने टाळलं होतं.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी ती वही मागितली. प्रकाशने ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसावी तशी शर्टाने पुसली आणि फळीवर तिच्या जागी लावली. "नाय, ताई," तो म्हणाला. "वाचायला कदी पन या. पन वही हितंच ऱ्हाईल."