ट्रंपेटवाल्याचे ओठ

सौंसरच्या भैय्याजींच्या बँडमध्ये अंकुश ट्रंपेट वाजवायचा, आणि काय वाजवायचा म्हणता! रामाकोना गावच्या वरातीत त्याच्या सुरावर घोडी अशी नाचली की नवरदेव घाबरून खाली उतरला अन् मांडवात पायीच गेला.

पण चेहरा? गालांवर, हनुवटीवर मुरमांच्या गाठी. बोट लागलं तरी ठणका मस्तकात जायचा. मागच्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तसा चेहरा निवळला. पण ओठ मात्र आटल्या तळ्यासारखे तडकले. ऐन लग्नसराईत फुंकर मारली की रक्त. अंकुशनं कोणाला न विचारता गोळ्या मधेच सोडल्या. मुरूम परत आले, तेही जोमानं.

आता बाई म्हणाल्या, "पुन्हा घ्याव्या लागतील. या वेळी पूर्ण. नाहीतर खड्डे पडतील, ते मग बुजत नाहीत."

"लग्नं आटोपल्यावर सुरू केल्या तर?"

"मुरूम थांबतील का तुझ्यासाठी?"

अंकुश तडक भैय्याजींकडे गेला. ते बँडच्या पोरांमध्ये ढोलाची दोरी आवळत बसले होते.

"काऊन बे, तोंड पाडून काऊन आला?"

त्यानं सारं सांगितलं.

"घे ना मंग गोळ्या. तुले खुळखुळा देतो. त्याले ओठ लागत नाही."

"अन् ट्रंपेट?"

"तुह्या शेजारचा आशिष शिकून राहिला ना."

"तो तं नुसता फुर्र फुर्र करते!"

"तू का पोटातून शिकून आला होता?"

सगळे हसले, अंकुशही हसला. आशिषचा हात एकदा बसला की आपली जागा परत मिळेल का, हे विचारायची मात्र त्याची छाती झाली नाही. गोळ्या नाहीच घ्यायच्या, असं ठरवून तो घरी आला.

पंधरवडाही लोटला नाही. बोरगावच्या वरातीत त्यानं ट्रंपेट तोंडाला लावला अन् डोळ्यांसमोर काजवे चमकले. वरच्या ओठावर, नेमका जिथं ट्रंपेट टेकतो तिथंच, मोठा मुरूम आला होता. त्यानं दात आवळून फुंकलं. सूर फाटला. पुन्हा फुंकलं, पुन्हा फाटला. भैय्याजींनी ट्रंपेट हळूच काढून घेतला अन् आशिषच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अंकुशनं पहिली गोळी गिळली. मग आरशासमोर उभा राहून ओठांवरून जीभ फिरवली. अजून तडकले नव्हते. बाहेर आशिष कालचंच गाणं घोटत होता, आणि फारसं चुकतही नव्हता.