साडभाऊंचं खेळाचं कपाट

आमच्या साडभाऊंनी उभ्या आयुष्यात तयार वस्तू शक्यतो विकत घेतली नाही, आणि घ्यावी लागलीच तर ती आधी खोलून पाहिल्याशिवाय वापरली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार अकोल्याचे, नोकरी वीज खात्यातली. "कंपनीवाल्याइले काय जादू येते? त्याइलेबी दोनच हात असतात," हे त्यांचं तत्त्वज्ञान. लग्नात आलेला मिक्सर त्यांनी अंगावरची हळद उतरायच्या आत उघडला होता, असं ताई, म्हणजे माझी मेहुणी, अजून सांगतात. अकोल्याच्या उन्हावर उतारा म्हणून साडभाऊंनी एकदा घरीच कूलर बांधला. बांधला हाच शब्द बरोबर, कारण त्याला पाया होता. त्या कूलरपुढे मी दुपारी झोपलो आणि उठलो तो निथळतच. भर मे महिन्यात, अकोल्यात, सर्दी झालेला मी बहुधा पहिलाच माणूस. साडभाऊंना त्या सर्दीचा केवढा अभिमान! शेजाऱ्यांना घरात बोलावून त्यांनी मला त्यांच्यासमोर शिंकायला लावलं.

निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल अशी आशा कुणालाच नव्हती. तरीही एका सकाळी मला अमरावतीत त्यांचा फोन आला तेव्हा मी जरा दचकलोच.

"साडभाऊ, लाकडातलं काय समजते तुमाले?"

"काहीच नाही."

"मलेबी नाई समजत. म्हणजे भांडण होणार नाई. येऊन राहिलो मी."

आणि खरंच दुपारपर्यंत ते आमच्या दारात हजर. पाणी प्यायच्या आधी त्यांनी विषय मांडला. पूर्वी टॉकीजच्या आसपास व्हिडिओ गेमची दुकानं असायची, त्यांत माणसाएवढ्या उंचीची कपाटं उभी असायची, वर पडदा, खाली दांडा आणि रंगीत बटणं. तसं एक कपाट त्यांना घरी बनवायचं होतं. आतलं यंत्र, दांडा, बटणं हे सगळं आता तयार मिळतं. (खोलून पाहिलं होतंच.) विजेचं काम त्यांच्या हातचा मळ. प्रश्न फक्त लाकडाचा होता, कारण साध्या पाटालाही त्यांनी कधी खिळा मारला नव्हता.

"पण वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे कपाट कशाला?" माझ्या बायकोनं विचारलं.

"खेळाले," ते म्हणाले आणि आमच्या दिवाणखान्यातला सोफा बोटाच्या पेरानं ठोकून पाहू लागले.

त्यानंतर कित्येक दिवस या माणसानं लाकडाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. आधी सागवान. "सागाशिवाय गोष्ट नाई, राजा. परतवाड्याचा साग म्हणजे नातवंडाइले पुरते." मग कुणीतरी सांगितलं, सागाचं कपाट उचलायला गावातली सगळी तालीम बोलवावी लागेल. मग आंबा, मग बाभूळ, मग पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन. खिशात लाकडाचे तुकडे घेऊनच ते फिरत आणि बोलता बोलता एखादा काढून हुंगत. एका नातेवाइकाला भेटायला गेले तर त्यांचा देव्हारा इतका वेळ हुंगत बसले की त्या घरच्या म्हातारीनं हा केवढा भाविक माणूस म्हणून दुसऱ्यांदा चहा टाकला. पुढं त्यांनी परीक्षाच मांडली. भुसा दाबून केलेला एमडीएफ, साधा प्लाय, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, सगळ्यांचे तुकडे बादलीत बुडवून ठेवले. एमडीएफ चहातल्या टोस्टसारखा फुगला. साडभाऊंनी त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "गेला." उरलेले तुकडे परसात उदईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळाशेजारी पुरले. ताई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना म्हणायच्या, "लोक परसात मेथी पेरतात, आमच्या घरी प्लायवूड पेरलं आहे."

उदईनंही मरीन प्लायच्याच बाजूनं कौल दिला. लाकूड ठरलं, आता नकाशा. साडभाऊंनी तो कागदावर न काढता समोरच्या खोलीच्या फरशीवर खडूनं, प्रत्यक्ष मापात काढला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला वळसा घालूनच जायचं असा दंडक केला. वर्तमानपत्रवाला, दूधवाला, एकदा तर विम्याचा माणूससुद्धा, सगळे त्या न झालेल्या कपाटाला आदरानं प्रदक्षिणा घालून गेले. पुढं फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कपाट उभं राहिलं. बटणांची फळी किती उंचीवर हवी, हा मोठा प्रश्न. खेळणाऱ्याच्या कोपराखाली ती यायला पाहिजे, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तिवस्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं, तिथं हे टेप घेऊन मांडवात शिरले. अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांची जमिनीपासून कोपरापर्यंत मापं घेतली. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडच्यांनी आहेराच्या कपड्यांसाठी शिंपी पाठवला आहे. एक मामा तर म्हणाले, "बाही जराशी ढिली ठेवा, भाऊ."

शेवटी प्लाय घ्यायला आम्ही अमरावतीतल्या एका ओळखीच्या मुसलमान व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांना आम्ही सगळे चाचाच म्हणतो. साडभाऊंनी एकेक तक्ता उभा करून, आडवा करून, डोळा मिटून पाहिला. चाचांनी बराच वेळ सहन केलं आणि मग म्हणाले, "साहेब, लडकी पसंत करून राहिले की प्लायवूड?" मग कापायची मापं विचारताना सहज म्हणाले, "उंची बोला. खडे रहके खेलना है की बैठके?"

"बसून," साडभाऊ म्हणाले.

मी चकित झालो. "अहो, तिवस्यात अख्ख्या मांडवाची उभ्यानं मापं घेतलीत ना?"

"ते लोकाइसाठी. कोणी विचारलं तर सांगाले." ते प्लायच्या ढिगावर टेकले. "हिचं माप मी घरीच घेतलं. खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. डाव्या हातानं."

तेव्हा मला उलगडलं. आदल्या वर्षी ताईंना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं परत आलं, उजवा हात मात्र रुसून बसला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. ताईंनी तो खिडकीतून भिरकावला. "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे, चेंडूशी खेळाले?" त्यानंतर त्या हाताबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम झाला. हात पदराखाली गेला तो तिथंच राहिला.

प्लायच्या ढिगावर बसून साडभाऊंनी मग पुढचं सांगितलं. नवीन लग्न झालेलं असताना दोघं अकोल्यात सिनेमाला गेले, तिकिटं संपली होती, म्हणून शेजारच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरले. मोर्शीहून आलेली नवी नवरी, हातभर हिरव्या बांगड्या, आत सगळी कॉलेजची पोरं. साडभाऊंचं विमान उडाल्याबरोबर पडलं. ताईंनी दांडा हातात घेतला आणि सोडलाच नाही. पोरं आपापले खेळ टाकून मागं गोळा झाली. "बांगड्याइचा असा आवाज येत होता ना साडभाऊ, जशी काही मशीनगन! दुकानवाला म्हणे, वहिनी, या खेळात एवढ्या पुढं काय येते हे मीबी पाहिलं नव्हतं." मग कित्येक रविवार ते दोघं तिथंच जात. पुढं लेकरं झाली, दुकान बंद झालं, आणि ताईंना इतकं छान काही येत होतं हे सगळेच विसरून गेले.

चाचा टेप गुंडाळत म्हणाले, "मग कोपरे गोल कापू. वहिनींचा हात लागेल." आणि एकेक कोपरा त्यांनी स्वतः घासून दिला.

बांधकामाचं वर्णन मी करत नाही; करवत, साडभाऊ आणि त्यांची बोटं यांच्यात जे झालं ते त्या तिघांतच राहू दे. दाराचं माप तेवढं घ्यायचं राहिलं होतं. कपाट खोलीतच बांधलं, त्यामुळे आता ते दारातून बाहेर निघत नाही. "बाहेर कायले काढाचं?" ते म्हणाले. रंग लागला, बटणं बसली, आणि मला बोलावणं आलं. मी गेलो, पाहतो तर सगळं उलटं! एरवी डावीकडे असणारा दांडा उजवीकडे, बटणं डावीकडे. मी हळूच चूक दाखवली. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "दांडा धराचं काम तिले उजव्या हातानंच करा लागते मंग. करू दे म्हणा नं."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "हा काय म्हातारचळ मांडला आहे तुमी?" म्हणत आल्या. पडद्यावर विमान उभं होतं. ते पाहून त्या खुर्चीवर बसल्या, डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि एकेक बोट त्याभोवती मिटवलं. विमान लगेच पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्या वेळी ते जरा डावीकडे सरकलं, समोरच्या विमानाची एक गोळी चुकवली, आणि ताई ओरडल्या, "आता ये म्हणा त्याले!"

नंतर मीही खेळून पाहिलं, चाचांनी एकदा येऊन पाहिलं, साडभाऊ तर रोजच पाहतात. त्या उलट्या फळीवर ताईंशिवाय कुणाचंच विमान उडत नाही. हात पूर्ण परत आलेला नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पोळी अजून डाव्या हातानंच लाटतात आणि ती अजून वाकडीच होते.

परवा अकोल्याहून निघालो तेव्हा दोघं त्या पडद्यापुढंच होते. ताई साडभाऊंना रागावत होत्या, "तुमी मधात नका बोलू, माह्यं ध्यान जाते." मी "येतो" म्हटलं, दोनदा म्हटलं. एरवी बहिणीसाठी काहीबाही पिशवीत भरून दिल्याशिवाय ताई मला फाटकाबाहेर पडू देत नाहीत. त्या दिवशी कुणाला ऐकूच गेलं नाही. मी चपला घातल्या, रिकाम्या हातानं बाहेर आलो, आणि कडीचा आवाज होऊ नये म्हणून फाटक अगदी हळू लोटून घेतलं.